लिंकची शेपटी

आर्णी, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिपू,

फोन न करता मेल पाठवतेय म्हणून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर बोलायला लागले की आईला वाटतं मी तिच्याशीच बोलतेय, आणि ती पलंगावरून 'अं अं' करत राहते. लकवा होऊन चार वर्षं झाली, पण बोलायची हौस काही गेली नाही तिची. शिवाय बाबांचे कान घरभर असतात. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. तुला वाचायला वेळ मिळो न मिळो, माझं पोट तर हलकं होतं.

काम आहे तुझ्याकडे. पुण्यात बसून एवढ्या मोठ्या कंपनीचं कोडिंग करतेस, थोडं समाजाचंही कर. तुझे रामरावमामा, म्हणजे आमचे पिताश्री, वधू-वर परिचय मेळाव्याचे सचिव झाल्यापासून घरात दुसरा विषय नाही. या वर्षीचा मेळावा डिसेंबरच्या शेवटी यवतमाळला आहे. मागच्या मेळाव्यापासून आपण पुस्तिका छापणं बंद केलं आणि संकेतस्थळ काढलं. मुलामुलींचा परिचय घरचे लोक फोनवरून लिहून पाठवतात, तो जसाच्या तसा तिथं चढतो. मुलगी मंचावर उभी राहून माईकवर स्वतःबद्दल सांगते त्याचं चित्रीकरण मेळाव्याच्या व्हिडिओवाल्या रोशनने केलं होतं. मी प्रत्येकीला तिची तिची लिंक पाठवली आणि त्यांनी ती परिचयात डकवली.

पण लिंक म्हणजे इंग्रजी अक्षरांची ती लांबलचक माळ. म्हातारी माणसं तिच्यावर बोटच ठेवत नाहीत, त्यांना वाटतं पैसे कापले जातील. दोनशेच्या वर परिचय आहेत. प्रत्येक पानावर त्या माळेच्या जागी सरळ व्हिडिओच दिसेल असं काही करता येईल का? मी क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवते, माझी धाव तेवढीच.

माझाही परिचय आहे ग तिथं. त्यात लिंक नाही, कारण मी मंचावर चढलेच नाही. नोंदणीच्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या पोरींना बिल्ले लावत होते. पाच वर्षं झाली परिचय देऊन, एक विचारणा नाही. एकतिसावं लागलं. फोटो तीनदा बदलला, शेवटच्या वेळी तर पार्लरला जाऊन आले आणि घरी आल्यावर आईने ओळखलंच नाही. बाबा म्हणतात, योग यावा लागतो. येईल तेव्हा येईल. तू तेवढं काम कर.

तुझी
सुरभीताई


पुणे, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुरभीताई,

काम झालं! तुझ्या मेळाव्याची पानं उघडली आणि हसून हसून पुरेवाट झाली. नेरच्या एका काकांनी लिंक अशी चिकटवून लिहिली आहे की व्हिडिओ कुठं संपला आणि 'उंची पाच फूट दोन इंच' कुठं सुरू झाली ते कळत नाही. दुसऱ्या एकांनी लिंकच्या पोटातच 'घरची शेती ओलिताची' घुसवली आहे. आधी वाटलं सगळं हाताने नीट करावं. मग म्हटलं, आपण शिकलो कशासाठी?

याला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. घाबरू नकोस, सोपं आहे. आपण एखाद्याला बसस्टँडवर पाहुणा आणायला पाठवतो तेव्हा सांगतो ना, लाल फेटा, काखेत पिशवी, असा माणूस दिसला की घेऊन ये. त्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं. तसंच मी संगणकाला वर्णन दिलं: पानावरच्या सगळ्या मजकुरात यूट्यूबचं नाव शोध, ते लांब लिहिलेलं असो की आखूड. त्याच्यापुढे प्रत्येक व्हिडिओची अकरा अक्षरांची खूण असते, ती उचल. अकरा झाली की थांब. मागून जी काही शेपटी लोंबत असेल ती कापून टाक, कारण तिथंच या लोकांनी उंची, शेती आणि गणपतीचं नाव चिकटवलं आहे.

एका ओळीत दोनशे पानं सरळ झाली. नमुन्याला चार-पाच पानं घेतली आणि प्रत्येकावर व्हिडिओची चौकट आली की नाही ते पाहिलं. आली! आता कोणालाही बोट लावायची भीती नाही, पान उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू. मामांना सांग, भाचीचा सत्कार मंचावर झाला पाहिजे, शाल-नारळासकट.

आणि विचारणेचं काय घेऊन बसलीस? एवढी गुणी मुलगी समाजाच्या डोळ्यांना दिसत नसेल तर समाजालाच चष्मा लावायला हवा. मामींना माझा नमस्कार सांग.

तुझी
दिपू


आर्णी, ११ नोव्हेंबर २०२५, दुपार

दिपू, हे काय करून ठेवलंस?

सकाळपासून फोन थांबत नाहीये. नेरच्या पायलकडे मुलाकडची मंडळी आली होती. पायलच्या आईने मोठ्या तोऱ्यात पान उघडून फोन पाहुण्यांच्या हातात दिला. पायल नाहीच! रिकामा मंच, मागे अर्धवट लटकलेला फलक, खुर्च्या ओढणारी माणसं. त्यांनी दुसरी मुलगी उघडून पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या पोरींच्या जागी तोच रिकामा मंच. पायलची आई रडायच्या बेताला आली होती. मला म्हणाली, "सुरभी, तू पन ऐक एकडाव काय बोलून राह्यले ते." एवढं बोलून एकदम फोन ठेवला. तिचा सूर मला विचित्रच वाटला.

मी क्लासमध्ये आहे, समोर पोरं बसली आहेत, म्हणून आवाज बंद ठेवून पाहिलं. खरंच नुसत्या खुर्च्या आहेत. लवकर बघ बाई काय झालंय ते.

सुरभी


पुणे, ११ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

ताई,

सापडलं. चूक माझी, आणि पावशेर तुझीही. रोशनने आख्ख्या दिवसाचा मिळून एकच व्हिडिओ टाकलाय हे तू सांगितलंच नाहीस! मला वाटलं प्रत्येक मुलीचा वेगळा असेल. तू जी 'तिची तिची लिंक' पाठवलीस ती सगळ्यांना त्याच एका व्हिडिओची होती, फक्त शेवटी त्या मुलीची वेळ जोडलेली. इतक्या सेकंदांवरून सुरू कर, अशी. म्हणजे मी जी शेपटी कचरा म्हणून कापली, तिच्यातच मुलगी होती. शेपटी गेल्यावर प्रत्येकीचं पान व्हिडिओच्या अगदी सुरुवातीपासून चालू झालं. मेळावा सुरू व्हायच्या आधीच रोशनने कॅमेरा लावून ठेवलेला दिसतोय.

आता नमुना बदलला आहे. वेळ असेल तर ती घे, उरलेलं सोड. सगळी पानं तपासली, पायलपासून सगळ्या जणी आपापल्या जागी परत आल्या आहेत. चार दिवस रिकामा मंच दिसला म्हणून काय आभाळ कोसळलं? रिकाम्या खुर्च्यांचं बोलणं कोण ऐकत बसलंय! आता शांत झोप, आणि शाल-नारळ रद्द झालं असेल तर तसं कळव.

दिपू


आर्णी, १३ नोव्हेंबर २०२५

दिपाली,

तू ऐकलंच नाहीस ना? मीही ऐकलं नव्हतं. काल ऐकलं.

क्लासहून आले, आईचं अंग पुसलं, कपडे बदलले आणि तिच्या उशाशी बसून फोनवर तो व्हिडिओ पहिल्यापासून लावला. म्हटलं पायलची आई काय म्हणत होती ते तरी कळू दे. 

मंचावरचे माईक कॅमेऱ्याला जोडून चालू होते, भोंगे अजून लावलेले नव्हते, म्हणून हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. बाबा आणि अध्यक्ष बळीरामजी मंचाच्या पार कडेच्या टेबलापाशी बसून यादी लावत होते. आधी चहा, फलक, पाहुणे येणार की नाही, असलं बोलणं. मग बाबांचा आवाज. मी शब्दाला शब्द लिहितेय, कारण कालपासून डोक्यात दुसरं काही नाही.

बाबा म्हणाले, "सुरभीचं नाव मांगंच राहू द्या, बळीरामजी. कोनी इचारलंच तं सांगा, पोरीले सध्या करायचं नाही."

बळीरामजी म्हणाले, "अरे, उन्हाळ्यात महागाववाले आलते ना तुमच्याकडे? पोरगा प्रफुल्ल, बँकेत आहे. चांगलं स्थळ होतं. काहून मोडलं?"

"मोडलं कुठं? मीच सांगतलं, पोरीले पसंत नाही म्हनून."

"अन् पोरगी काय म्हने?"

"तिले मालूमच नाही. तिले कायले सांगू? ते गेली तं घरात कोन करन? तुळसा, तिची माय, अशी पडून. बाई ठेवली तं दोन दिवसांत पळून जाते."

मग बळीरामजी म्हणाले, "तुमचं बरं आहे राजेहो, घरचीच नर्स." आणि हसले.

बाबाही हसले, दिपू. ते हसणं मी सहा-सात वेळा ऐकलं. दर वेळी वाटलं, या वेळी ते हसणार नाहीत.

मला पहिल्यांदा कळलंच नाही की ही सुरभी म्हणजे मी. वाटलं, दुसरी कोणीतरी असेल बिचारी. पाच वर्षं आरशात बघून बघून विचारत होते, काय कमी आहे माझ्यात? रंग? उंची? आणि माझ्याच ताटात वाढलेलं माझ्याच बापाने उचलून नेलं, आणि वर मला म्हणाला, योग यावा लागतो! समाजातल्या निम्म्या घरांनी ते ऐकलं. लोक मला फोन करून पानाची तक्रार करत होते ना, त्यातल्या कितींना माहीत असेल?

आई शेजारीच होती. तिनेही सगळं ऐकलं. तिला बोलता येत नाही, पण समजतं सगळं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं आहे. तिने डोळे मिटून घेतले आणि उघडलेच नाहीत.

सुरभी


आर्णी, १६ नोव्हेंबर २०२५

चि. दिपाली हिस,
रामरावमामाचे अनेक आशीर्वाद. आम्ही येथे क्षेम आहोत. तुझे क्षेम कळवीत जावे.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या हातून संकेतस्थळावर जी चूक झाली तिच्यामुळे घरात मोठी अशांतता माजली आहे. तुला दोष देत नाही, लेकरांच्या हातून होते. परंतु सुरभी तीन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, औषधाची गोळी हातावर ठेवते, बोलत नाही. कापसाची गाडी दारात उभी होती तरी तिने बाहेर डोकावून पाहिले नाही. समाजात माझे तोंड दाखवणे अवघड झाले आहे. बळीरामजींनी तर मला ओळख दाखवणेच सोडले.

मी काय असे मोठे पाप केले ते कोणी सांगावे. स्थळ पाहणे, नाकारणे हा बापाचा अधिकार आहे. तुझी मामी आडवी पडल्यापासून हे घर सुरभीवर चालते. ती गेली तर मी या वयात काय करावे? तुझ्या मामीचे हाल माझ्याने पाहवणार नाहीत. मी तिच्याच भल्यासाठी थांबलो होतो, कायमचे नव्हे. वर्ष दोन वर्षांचा प्रश्न होता.

आता मुद्द्याचे. पेपरात रोज येते की यंत्र कोणाचाही आवाज हुबेहूब काढून देते, मोठमोठ्या माणसांचे खोटे व्हिडिओ निघतात. तू या विषयातली शिकलेली आहेस. सुरभीचा तुझ्या शब्दावर भरवसा आहे. मी तिला सांगितले आहे की तो आवाज माझा नव्हे, कोणीतरी हितशत्रूने बनवून घातला. तू फक्त दोन ओळी लिही, की होय, तपासले, आवाज बनावट आहे. त्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि एक घर सावरते. रोशनला सांगून सुरुवातीचा भाग मी काढायला लावतोच आहे.

हे लवकर कर. आज महागावचे निघाले, उद्या दारव्ह्याचे आणि पुसदचे, बाकी सगळेही निघत बसले तर मला गाव सोडावे लागेल. लहानपणी तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याची आठवण ठेव.

तुझा मामा
रामराव


आर्णी, १८ नोव्हेंबर २०२५

दिपू,

बाबा म्हणतात तो आवाज त्यांचा नाही. आईच्या पलंगापाशी उभे राहून, आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माया आवाज नव्हे तो, कोनीतरी मशीनवर बनवला." खरं असू शकतं का ग असं? असतं ना, मी पण वाचलंय.

तू तपासून सांग. तू हो म्हणालीस तर मी मानेन, पुन्हा कधी विचारणार नाही. खरं सांगू? तू हो म्हणावंस असं मला वाटतंय. म्हणजे उद्या सकाळी मला बाबांना चहा देता येईल. लवकर लिही.

सुरभी


पुणे, १९ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझी मेल वाचून मी ऑफिसातून उठून जिन्यात जाऊन बसले. 

आवाज मामांचाच आहे. बनवलेला नाही. मी रोशनला फोन करून मूळ चित्रीकरण मागवलं. त्याच्या कॅमेऱ्यातून निघालं तसंच ते वर चढलं आहे, वर्षभरात कोणी हात लावलेला नाही. नीट पाहिलं तर कडेच्या टेबलाशी बोलताना मामा मान हलवताना दिसतात, बळीरामजी हसताना कागदाने तोंड झाकतात. मला तुला 'हो' लिहायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि लाज वाटली.

आणखी एक सांगते. मामांनी मला पत्र लिहून ते 'हो' मागितलं होतं. त्यात त्यांच्याच हातून निसटलंय की महागाव एकटं नव्हतं. दारव्हा, पुसद, आणि 'बाकी सगळे'.  तुला कोणी विचारलं नाही असं कधी घडलंच नव्हतं, ताई. तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, एवढंच.

ज्या मामांच्या खांद्यावरून मी जत्रा पाहिली त्यांनीच हे केलं, ते माझ्या गळ्याखाली उतरत नाही. मी त्यांना एका ओळीत कळवलं आहे की मी खोटं लिहिणार नाही. चूक माझ्या हातून झाली याचं वाईट वाटावं की बरं वाटावं, मला कळत नाहीये. तू म्हणशील तेव्हा निघून येते.

दिपू


आर्णी, २७ नोव्हेंबर २०२५

प्रिय दिपू,

येऊ नकोस इतक्यात. आधी हे वाच.

तुझं पत्र आल्यावर मी महागावला फोन लावला. प्रफुल्लच्या आई, कोकिळाबाई, बोलल्या. मी नाव सांगितलं आणि विचारलं, तुम्ही खरंच माझ्यासाठी विचारणा केली होती का?  त्या म्हणाल्या, "अवं पोरी, इचारना काय करतं, आमी तं तुया घरी येऊन गेलतो. तुयाच हातचा चहा पेलो ना!"

 मी ओट्यावर बसले.

आठवलं मला. गेल्या वर्षीचा मे महिना होता. बाबा म्हणाले होते, मेळाव्याच्या कामाची माणसं आली आहेत, चहा टाक. मी आईला न्हाऊ घालत होते. ओल्या बाह्यांनी, केसांना कसाबसा आकडा लावून चहा नेला. एका मुलाने विचारलं, तुम्ही काय शिकवता? मी म्हटलं, टायपिंग. तो आणखी काही विचारणार होता, तेवढ्यात आईने आतून आवाज काढला आणि मी निघून गेले. त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. बायका पाहुण्यांसमोर जाताना पदर तरी नीट करतात, मी हात पुसत गेले होते. ते मला बघायला आले होते, दिपू, आणि बघितली जातेय हे त्या खोलीत फक्त मलाच माहीत नव्हतं.

कोकिळाबाई म्हणाल्या, "पोरगा महिनाभर थांबला होता. म्हने, घाईत होती ते, पुन्हा इचारा. आमी पुन्हा इचारलं. तुया बाबांनी सांगतलं, पोरगी नाहीच म्हनते. आमाले वाटलं, तुले आमचं घर आवडलं नसन." प्रफुल्लचं लग्न या फेब्रुवारीत झालं. मी अभिनंदन म्हटलं. त्या रडल्या, मी नाही.

त्या संध्याकाळी बाबांसमोर उभी राहिले. म्हटलं, या वर्षी मेळाव्यात मी मंचावर उभी राहणार आहे, आणि नावं तुम्ही पुकारता ना, तर माझंही तुम्हीच पुकारायचं. बाबांनी बनावट आवाजाचं काढलं नाही. खाली पाहून एवढंच म्हणाले, "अन् तुया मायकडे कोन पाहीन?"

मी म्हटलं, "तुम्ही."

असे दचकले की जणू मी परक्या बाईला सांभाळायला सांगितलं. मी वाटी आणि चमचा त्यांच्या हातात दिला. चार वर्षांत आईने माझ्याशिवाय कोणाच्या हातचा घास घेतलेला नाही. बाया ठेवल्या, त्यांच्यापुढे ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. बाबांनी तर कधी भरवून पाहिलंच नव्हतं. ते पलंगाशी उभे राहून मला विचारायला लागले, भात किती मऊ करायचा, मान कशी धरायची, गरम किती चालतं. बत्तीस वर्षांच्या संसारातल्या बायकोबद्दल मला विचारत होते. माझा राग मावळला नाही, उलट वाढला, तेही तुला सांगून ठेवते.

त्यांनी चमचा पुढे केला. चमचा तिरका झाला आणि अर्धा भात चादरीवर पडला. आईने तोंड मिटून घेतलं. मला वाटलं, संपलं, आता मी कुठेही जात नाही. मी चमचा परत घ्यायला पुढे झाले, तर आईने तिचा धड असलेला हात उचलला आणि मला मागे ढकललं. जोर नाही ग त्या हातात, पण मी मागे सरकले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान बाबांकडे वळवली आणि तोंड उघडलं.

बाबा तोंड फिरवून रडायला लागले, तर तिने 'अं' करून त्यांना दुसरा घास मागितला. भात बराच सांडला, पण तिने वाटी संपवली.

तुझी
सुरभीताई